पिवळे सदरे

हळदीचा डबा उघडला की चौऱ्याण्णव सालची, सांगलीच्या गोदामातली दुपार आठवते. पोती उचलायचा हक्क युनियनच्या हमालांचा. पण ते जेवायला गेले असताना, गाडीला घाई आहे म्हणून मॅनेजरांनी आम्हा दोघा सुपरवायझरांकडून हळदीची तीस पोती चढवून घेतली. मुकादम परतला आणि आमचे पिवळे सदरे पाहून म्हणाला, "आवं सायेब, हळद लागली, लगीन कवा?" हमाल हसले, तो हसला नाही. "आज आमच्या जेवणाच्या वक्ताला गाडी भरताय, उद्या आमाला घरीच जेवाय लावाल." मॅनेजरांनी हमाली देतो म्हटलं, तरी हमालांनी सगळी पोती उतरवून पुन्हा चढवली. घाईची ती गाडी मात्र अंधार पडेपर्यंत दारातच उभी होती. मॅनेजरांना घाई गाडीची होती की हमालांवाचून भागतं का ते पाहायची, हा संशय मला अजून आहे. हमाली तीस पोत्यांची, एकदाच चढवल्याची, हमालांना मिळाली.