काकूंनी घाट ओलांडला

गल्लीत त्यांना सगळे कवळीकाका म्हणत. त्यांच्या स्वतःच्या तोंडातले दात साठीतही शाबूत होते. नाव पडलं ते धंद्यावरून. चौतीस वर्षं ते कवळ्या बनवत होते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवायचे, काका मेणात एकेक दात बसवायचे आणि पक्की कवळी घडवून, घासूनपुसून परत धाडायचे. ठसे जसे शेजारच्या दवाखान्यातून यायचे, तसे तीनतीनशे किलोमीटरवरून कुरिअरनेही यायचे. त्यामुळे शेकडो माणसांचे जबडे काकांना तोंडपाठ होते, पण त्यांतल्या एकाचाही चेहरा त्यांनी पाहिला नव्हता. चेहरे डॉक्टर बघायचे. काका मागच्या खोलीत, खिडकीशी लावलेल्या टेबलावर, प्लास्टरच्या धुरळ्यात बसलेले असायचे.

काका कुठे जात नसत, कारण काकूंना गाडी लागायची. लागायची म्हणजे नुसती मळमळ नव्हे. डिझेलचा वास नाकात शिरला की त्यांचा चेहरा पांढराफटक पडायचा, आणि दहाव्या मिनिटाला पिशवी. लग्नानंतरच्या पहिल्याच प्रवासात त्यांनी नव्या नवऱ्याचे नवे बूट खराब केले होते. गोळ्या झाल्या, लिंबू हुंगून झालं, पुढची सीट झाली, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं. शेवटी काकूंनी हात टेकले. त्यांची धाकटी बहीण घाटापलीकडे, साडेचारशे किलोमीटरवर राहायची. तिथे रेल्वे जात नव्हती. एकतीस वर्षांत काकू एकदाही तिच्या घरी गेल्या नव्हत्या. दर वेळी तीच यायची. दर रविवारी फोनवर ती आपलं स्वयंपाकघर वर्णन करून सांगायची, ओटा कुठे, खिडकी कुठे, आणि काकू डोळे मिटून ऐकायच्या.

मग एका दुपारी ओळखीच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी काकूंना बाजारातून घरी सोडलं. त्यांची गाडी विजेवर चालणारी होती. काकू आत आल्या, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि कामाच्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अहो, मला काही झालं नाही," त्या म्हणाल्या.

काकांना आधी कळेना काय झालं नाही ते. कळल्यावर त्यांनी हातातलं मेण खाली ठेवलं.

नवी गाडी आवाक्यातली नव्हती, म्हणून जुनीचा शोध सुरू झाला. आठवडाभराने एका भूगोलाच्या बाईंची गाडी बघायला दोघं गेले. बाईंची घराजवळच्याच शाळेत बदली झाली होती आणि आता त्या पायी जायच्या. गाडी नऊ वर्षांची, निळी, मागच्या दारावर लांबलचक ओरखडा. बाई सरळ माणूस. त्यांनी बॅटरीचा तपासणीचा कागद पुढे केला: अठ्ठ्याहत्तर टक्के उरली होती. "नवी असताना एका चार्जिंगमध्ये अडीचशे किलोमीटर जायची, ते विसरा," त्या म्हणाल्या. "एकशे सत्तर धरा. थंडीत एकशे चाळीस. आणि चढावर देवाचं नाव घ्या."

काकांनी खिशातून दात तपासायचा छोटा आरसा काढला आणि गाडीच्या चार्जिंगच्या तोंडात डोकावून पाहिलं. मग टायर, मग सीटखाली. बाई हसू दाबत उभ्या होत्या. काका उठून म्हणाले की हिरड्या निरोगी आहेत, घेतो.

मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिने फोनवर कपाळाला हात लावला असणार. बॅटरी म्हातारी, आईबाबा म्हातारे, आणि निघाले घाट चढायला, असं तिचं म्हणणं. काकांनी तिला ऐकवलं, "अगं, सगळं आयुष्य लोकांच्या दुसऱ्या दातांवर काढलं मी. दुसऱ्या हातच्या गाडीला काय होतंय?"

पण पहिल्याच फेरीत काकूंना गाडी लागली. वास नव्हता, धूर नव्हता, तरी पोट ढवळलं. दोघांची तोंडं उतरली. संध्याकाळी काकांनी भूगोलाच्या बाईंना फोन केला, तेव्हा खुलासा झाला. पाय उचलला की ही गाडी आपोआप करकचून ब्रेक मारते आणि त्या जोरावर बॅटरीत थोडी वीज परत भरते. नव्या माणसाला ते जमत नाही, आणि शेजारच्याची मान घड्याळाच्या लंबकासारखी हलते. बाईंनी ते कमी करायचं बटण सांगितलं आणि पाय हलका ठेवायला सांगितलं. काकांचा हात आयुष्यभर कोमट मेणावर चाललेला. जरा जोर पडला की दात सरकला. तोच अंदाज त्यांनी आता पायाला शिकवला. महिनाभर रोज सकाळी दोघं नदीपर्यंत जाऊन येत. काकू मांडीवर काठोकाठ भरलेली पाण्याची वाटी घेऊन बसायच्या. ज्या दिवशी वाटीतलं पाणी सांडलं नाही, त्या दिवशी काकांनी डॉक्टरांना कळवून टाकलं की पुढचा आठवडा कामाची खोली बंद.

पहाटे नव्हे, चांगली न्याहारी करून ते निघाले. दीडशे किलोमीटर झाले की थांबायचं, गाडीला पाऊण तास वीज पाजायची, तेवढ्यात आपण पाय मोकळे करायचे आणि रात्री वाटेत मुक्काम, असा बेत. तरण्या माणसाला कंटाळा आला असता. काकूंना मात्र हे थांबणंच मानवलं. एका ठिकाणी त्यांनी कालव्याच्या कडेने चक्कर मारली, दुसऱ्या ठिकाणी एका ट्रकवाल्याशी विणकामावर गप्पा मारल्या. त्याच्या बायकोला जमत नसलेला टाका त्याला बोटांवर करून दाखवला. दुपारी दोन वाजता त्या उकडलेली अंडी आणि पाव खात बसल्या आणि मध्येच थांबून म्हणाल्या की आपल्याला भूक लागली आहे. प्रवासात भूक लागण्याची ही त्यांची पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाच्या पायथ्याशी मात्र नशिबाने दगा दिला. तिथलं चार्जिंगचं यंत्र बंद होतं. पडद्यावर काळोख, दोरीला बांधलेली पाटी. बॅटरीत अकरा टक्के, आणि पुढचं यंत्र घाट उतरून तीस किलोमीटरवर. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. मुलीचं वाक्य त्यांना आठवलं, पण ते त्यांनी उच्चारलं नाही. काकूंनी आजूबाजूला नजर फिरवली. रस्त्यापलीकडे झाडांची नर्सरी होती, कुंड्यांच्या रांगा, आणि टिनाच्या शेडमध्ये चालू असलेला पंखा.

"पंखा फिरतोय म्हणजे वीज आहे," काकू म्हणाल्या आणि रस्ता ओलांडूनसुद्धा गेल्या.

नर्सरी एका म्हाताऱ्या जोडप्याची होती. आजोबा रोपांना पाणी घालत होते. काकूंनी अडचण सांगितली, तेव्हा त्यांनी नळी बाजूला ठेवली आणि शेडमधला प्लग दाखवला. घरगुती प्लगवर ही गाडी मुंगीच्या पावलाने भरते. चार तास तरी बसावं लागणार, हे काकांनी ओशाळत सांगितलं. आजोबा म्हणाले, "बसा की. झाडं तर वर्षभर बसतात," आणि आपल्याच विनोदावर तोंड भरून हसले.

काका एकदम पुढे झाले. वरच्या ओळीतला डावीकडचा पुढचा दात किंचित तिरका होता आणि केसभर मागे. खऱ्या दाताचा तिरकेपणा काकांना ओळखू यायचा. हा घडवलेला होता.

"रागावू नका," काका म्हणाले, "पण एकदा परत हसता?"

आजोबांना वाटलं, प्रवासाने पाहुण्यांच्या डोक्यावर परिणाम झाला. तरी ते हसले. काकांनी विचारलं की कवळीच्या आतल्या अंगाला, मागच्या कोपऱ्यात, सुईने टोचल्यासारखे दोन ठिपके आहेत का. आजोबांनी सरळ कवळी काढून त्यांच्या हातावर ठेवली. ठिपके होते, काकांच्या कामाची खूण.

नऊ वर्षांपूर्वी इकडच्या एका डॉक्टरांकडून ठसे आले होते, सोबत चिठ्ठी: डावा दात तिरका ठेवावा, पेशंटच्या पत्नीची अट आहे. काकांचा हात सरळ दाताला सरावलेला. तीनदा तो दात आपोआप सरळ बसला आणि तीनदा त्यांनी तो मेणातून उपटला. ही अट घालणारी बाई कोण असेल, असा विचार त्यांनी त्या वेळी पुष्कळदा केला होता.

ती बाई आता हात पुसत शेडमधून बाहेर आली. सगळं ऐकून आजी म्हणाल्या, "चाळीस वर्षं त्या वाकड्या दाताकडे बघून भांडले मी. सरळ दातांचा परका माणूस घरात कसा घेऊ?"

चौतीस वर्षांत त्यांनी आपलं काम कधी माणसाच्या तोंडात पाहिलं नव्हतं. ते जेवतं, बोलतं, हसतं कसं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. त्यांनी आजोबांना पुन्हा पुन्हा बोलायला लावलं, गाजर चावायला लावलं, आणि लहान मुलासारखं टक लावून पाहिलं. खालची कवळी दोन वर्षं एका जागी टोचते, असं आजोबांच्या बोलण्यात आलं, तेव्हा काकांनी गाडीतून आपली हत्यारांची डबी आणली. ती ते कुठेही सोडत नसत. शेडमधल्या टेबलावर, खताच्या पोत्यांशेजारी, त्यांनी तासभर बारीक कानशीने घासलं, बोट फिरवून पाहिलं, पुन्हा घासलं. आजोबांनी कवळी चढवली, जबडा इकडे तिकडे हलवला आणि डोळे पुसले. तेवढ्या वेळात काकू आणि आजींनी शंभरेक रोपं एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीत हलवली होती.

निघताना आजोबांनी विजेबद्दल काही घ्यायला साफ नकार दिला. त्यांनी वीज दिली, काकांनी दात, फिटंफाट.

चढावर आकडा भराभर उतरत गेला, सत्तेचाळीसवरून एकोणतीसवर. काकू त्याच्याकडे बघतच नव्हत्या. त्या खिडकीची काच खाली करून खालच्या दऱ्या बघत होत्या. माथा आला, उतार लागला, आणि मग आकडा वर जाऊ लागला. तीस. बत्तीस. पस्तीस. काकूंनी टाळी वाजवली. एकतीस वर्षं ज्या घाटाला त्या भ्यायल्या, तोच आता त्यांच्या गाडीत वीज भरत होता.

बहिणीने दार उघडलं तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. काकांनी मुद्दामच कळवलं नव्हतं, कारण मध्येच परतावं लागलं तर तिचा जीव झुरणीला लागला असता. ती उंबऱ्यातच थिजली. मग रस्त्यावर बस दिसते का, म्हणून तिने बहिणीच्या खांद्यावरून पाहिलं.

"ताई, तू आलीस कशी?"

"बसून," काकू म्हणाल्या आणि तिच्या बाजूने सरळ आत शिरल्या. स्वयंपाकघर कुठे हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी ओट्यावरून हात फिरवला, खिडकी उघडून पाहिली, कपाटांची दारं एकामागून एक उघडली. चहाचा डबा डावीकडच्या दुसऱ्या फळीवर, जसा फोनवर असायचा तसाच. बहीण मागे उभी राहून एकाच वेळी हसत होती आणि रडत होती, आणि काका दाराशी बूट काढत उगाचच वेळ लावत होते.

चौथ्या दिवशी परत फिरायचं होतं. न्याहारीच्या वेळी काकूंनी विचारलं, इथून समुद्र किती लांब. बहीण म्हणाली, दीडशे असेल. काकांनी मनात हिशेब केला आणि डॉक्टरांना अजून चार दिवस रजा कळवली.

"भाऊजी, मागची सीट रिकामीच आहे ना?" बहिणीने विचारलं. ती बॅग भरूनच बसली होती.

मग काकूही मागे जाऊन बसल्या. पुढे काका एकटे, पगारी ड्रायव्हरसारखे. दोघी बहिणी गाव सुटायच्या आत बोलायला लागल्या आणि त्यांचं बोलणं सपाट, लांबलचक रस्त्यासारखं संपेचना. तासाभराने काकूंनी पुढे वाकून सांगितलं की जरा जोरात चालवायला हरकत नाही. काकांनी आरसा थोडा फिरवला, म्हणजे दोघींची हसणारी तोंडं त्यात मावतील, आणि पाय हलकेच खाली दाबला.