अठ्ठ्याण्णवचा आकडा

आमच्या सफाक्स गावात लग्नाची बदामाची मिठाई करावी तर महर्झिया खालानेच. हात गोड, जीभ तिखट. नवरा गेल्यावर याच मिठाईवर तिने नौफलला शिकवलं आणि पोरगा कॅनडाला, मॉन्ट्रियलला गेला. दर रविवारी संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा आणि दोन वाक्यं होत नाहीत तोच चित्र गोठायचं.

तिने तक्रार केली म्हणून इंटरनेट कंपनीतून मी गेलो. आमची रीत ठरलेली: वेगाची चाचणी गावातल्याच सर्व्हरशी घ्यायची, आकडा मार्करने राउटरवर लिहायचा, सही घेऊन चालू पडायचं. अठ्ठ्याण्णव एमबीपीएस आले. मग दोष कुणाचा, असं तिने विचारलं. मला पुढच्या घरी जायची घाई.

"तुमची लाइन उत्तम आहे, खाला. पलीकडेच काहीतरी असणार."

पलीकडे म्हणजे तिच्या लेखी नौफल. आई नकोशी झाली म्हणून तो मुद्दाम कॉल कापतो, असं तिने मनाशी पक्कं केलं. येणाऱ्याजाणाऱ्याला राउटर दाखवून म्हणायची, "लाइन चांगली आहे, पोरगाच वाया गेला." त्याने शपथा घेतल्या, तर त्यालाही तिने आकडाच ऐकवला. शेवटी खोटारडा म्हणून त्याचा फोन उचलणंच बंद केलं. खालाच्या हट्टापुढे कोण बोलणार?

चार वर्षांनी माझी बहीण मॉन्ट्रियलला शिकायला गेली, तिचंही चित्र गोठायला लागलं, तेव्हा कुठे मला अक्कल आली. संध्याकाळी चाचणीत गावाऐवजी मॉन्ट्रियलचा सर्व्हर निवडला. आले फक्त दोन. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला, गर्दी नसताना, चाळीस. आमचा आकडा खोटा नव्हता, पण तो गावापुरताच खरा होता. समुद्रापलीकडच्या वाटेबद्दल तो काहीच सांगत नव्हता, आणि मी मात्र सांगून बसलो होतो.

तसाच खालाकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती बदाम सोलत होती. हात थांबला नाही.

"चार वर्षं, पोरा," एवढंच म्हणाली.

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग तिने हात धुतले, डोक्यावरचा रुमाल नीट केला आणि नौफलला व्हिडिओ कॉल लावला. चित्र लख्ख आलं, एकदाही अडलं नाही. समोर तीनेक वर्षांची मुलगी, तोंडात पाव, नाक थेट नौफलचं. तिने खालाकडे नीट पाहिलं आणि मागे वळून आमच्याच बोलीत विचारलं, "बाबा, ही कोण?"