लांडगा, शेळी आणि गवताचा भारा

"हिचं डोकं मेंढरामागंच ऱ्हाणार," सर म्हणाले आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला.

मी सातवीत होते. भोकरदनकडच्या आमच्या शाळेत कंप्युटर नवाच आला होता. सर त्यावर कोडी घालायचे. म्हणायचे, यानं डोकं चालतं. पण कळा दाबायच्या पाटलांच्या, बागायतदारांच्या पोरांनी. आम्ही धनगरवस्तीवरच्या पोरींनी भिंतीला उभं राहून उत्तर सांगायचं. आमच्या हाताला मेंढरांचा वास येतो म्हणे. त्याच हातांनी खोली झाडून घ्यायला आणि कंप्युटर पुसून घ्यायला मात्र कुणाची हरकत नव्हती.

त्या दिवशी पडद्यावर नदी होती. लांडगा, शेळी आणि गवताचा भारा होडीतून पलीकडं न्यायचा, एका वेळी एकच. मागं राहिलेल्यांनी एकमेकांना खायचं नाही. माझा हात सगळ्यांत आधी वर गेला. शेळ्या तर माझ्या रोजच्या.

"भारा झाडाला उंच टांगायचा सर. मंग शेळी खात न्हाई."

आमच्याकडं असंच करतात. पडद्यावर झाड नव्हतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पाटलाच्या पोरानं मुद्दाम भलतीच कळ दाबली. शेळीनं गवत खाल्लं, कंप्युटर ओरडला आणि सर ते बोलले.

पोरं हसली त्याचं एवढं लागलं नाही. झाड कुठून आणलंस, एवढं तरी सरांनी विचारायचं. डोकं चालवायलाच शिकवत होते ना?

तास सुटला. सरांनी फडकं पुढं केलं. "घे, पूस."

मी हात मागं घेतले. "कळ दाबू द्या. मंग पुसते."

दुसऱ्या दिवशी बापाला बोलावणं गेलं. पोरीनं वर्गासमोर माफी मागायची, नाहीतर त्या खोलीत पाय ठेवायचा नाही. बाप डोक्याचा रुमाल हातात घेऊन उभा. "लेकरू हाय सर. चुकलं तिचं." मग माझ्याकडं वळला, "माग ना माय. आपलं काय जातंय?"

काय जात होतं ते त्याला दिसत नव्हतं. बोलावं तर त्याचीच मान आणखी खाली जाणार. मी दप्तर उचललं आणि बाहेर पडले.

वर्षभर त्या तासाला मी व्हरांड्यात बसले. आतून हसण्याचे आवाज यायचे. एकदाही कळ दाबायला मिळाली नाही, त्याचं दुःख अजून आहे.

"मागितली असतीस तर शिकली असतीस," बाप मरेपर्यंत म्हणायचा. असेलही. पण माफी मी आजही मागणार नाही. त्याच्यासाठीसुद्धा नाही.