नगरपालिकेच्या दारात आई

आमच्या तंजावूरच्या नगरपालिकेची इमारत तांबड्या रंगाची, कमानींची होती. पायऱ्यांवर उभं राहिलं की समोर घड्याळाचा मनोरा, डावीकडे सरकारी इस्पितळ आणि बस स्टँडच्या धुरापलीकडे मोठ्या देवळाचं शिखर दिसे. लोक पाहुण्यांना कौतुकानं तिथं नेत. मला मात्र ती जागा आठवते आईच्या उजव्या पायामुळे.

आईला हत्तीपाय झाला होता. राजवाड्यामागच्या आमच्या मराठी गल्लीतून उघडं गटार वाहायचं आणि संध्याकाळी डासांचे थवे उठायचे. असे सुजलेले पाय गल्लीत बऱ्याच घरांत होते. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, गोळ्या देतो, पण गटार झाकल्याशिवाय काही खरं नाही. आईनं ते मनावर घेतलं. मला बरोबर घेऊन ती नगरपालिकेत खेटे घालू लागली. तिथले अधिकारी दर खेपेला “पाहू” म्हणत. एकदा एक जण हसून म्हणाला, “तुमच्या मराठा राजांनीच बांधलेलं गटार ते. त्यांनाच विचारा!” सगळी खोली हसली.

त्या वर्षी निवडणूक आली आणि आई म्हणाली, “मी उभी राहतें.”

माझे वडील, अप्पा, शाळामास्तर, भिडस्त. त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी थोरले काका आले. धाकट्या भावजयीशी ते थेट बोलत नसत.

“तिला सांग,” ते अप्पांना म्हणाले, “असला पाय घेऊन दारोदार हिंडली, की घराची चांगली शोभा होईल.”

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. “भावोजी, तो पाय लोकांना दिसावा म्हणूनच हिंडणार आहें.”

आणि ती हिंडली. तमिळ घरांत तमिळ, आमच्या घरांत मराठी. कुणी दार लावून घेतलं, कुणी ताक दिलं. आमच्या गल्लीतल्या बायकांनी तर तिला हळदीकुंकू लावून तिची ओटी भरली. शेजारची मामी सगळ्यांत पुढे. “अक्का, आमचं मत तुला नाही तर कोणाला?” असं म्हणत तिनं आईचे हात हातात घेतले. आई त्या दिवशी घरात गुणगुणत होती. तसं मी तिला पूर्वी कधी ऐकलं नव्हतं.

विरुद्ध उभा होता एक भातगिरणीवाला. मतदानाच्या दिवशी सकाळी त्याची मोटार आमच्या गल्लीत शिरली. पुढे ड्रायव्हरशेजारी थोरले काका बसले होते. उतरून त्यांनी स्वतः दार उघडलं आणि एकेका घराला हाक मारली. बायका नवी लुगडी नेसून, मल्लिगेचे गजरे माळून बाहेर आल्या आणि मोटारीत बसल्या. शेजारच्या मामीनं पदर पुढे ओढून आमच्या ओट्याकडे पाठ केली.

मतदान नगरपालिकेतच होतं. आई आणि मी चालत गेलो. ऊन तापलं होतं. मोटार आमच्या अंगावर धूळ उडवत दोनदा गेली, दोनदा परत आली. पायऱ्यांपाशी पोचेपर्यंत आईचा पाय टरारून सुजला होता. कठड्याला धरून ती वर चढली.

ती निवडणुकीत पडली. शहरानं पाडलं असतं तर तिला एवढं लागलं नसतं. आमच्या गल्लीनंच पाडलं, हे तिला कळलं.

काही महिन्यांतच थोरल्या काकांचा मुलगा त्याच इमारतीत कारकून झाला. पुढच्या पावसाळ्यात गटाराचं पाणी घरात शिरलं, तेव्हा आई पुन्हा तिथं गेली. टेबलामागे तोच बसला होता. लहानपणी आमच्याच स्वयंपाकघरात जेवलेला. त्यानं वर पाहिलं आणि तमिळमध्ये, अनोळखी बाईला विचारावं तसं विचारलं, “एन्न वेणुम्, अम्मा?” काय हवंय, बाई?

“अरे, मी काकी,” आई मराठीत म्हणाली.

त्यानं आजूबाजूच्या कारकुनांकडे पाहिलं. मग तमिळमध्येच म्हणाला, “तक्रार असेल तर पलीकडच्या खोलीत जा.”

आईनं माझा हात धरला. मग मला म्हणाली, “चल.” पलीकडच्या खोलीत ती गेली नाही, आणि त्यानंतर त्या इमारतीतही कधी गेली नाही.

घरी आल्यावर ती अप्पांना एवढंच म्हणाली, “मुलगी या गावांत द्यायची नाही. लांब द्यायची.” वर्षाच्या आत पुण्याचं स्थळ ठरलं. मला शिकायचं होतं, तंजावूरच्याच कॉलेजात. सासरी माझ्या जुन्या वळणाच्या मराठीला सगळे हसायचे, आणि पुष्कळ वर्षं मी तिथं गप्पच राहिले. साऱ्या गल्लीसाठी दारोदार फिरून बोललेल्या आईनं, लग्न ठरवताना मला काही विचारलं नाही.