एक जूनला न जन्मलेले मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका बिनघाईचा माणूस अख्ख्या परळमध्ये सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो दगड असेल. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेला हा गृहस्थ ‘परवा’ म्हणतो तेव्हा नुकतंच हिमयुग संपलेलं असतं, आणि ‘फार पूर्वी’ म्हणतो तेव्हा आपल्या पायाखालची मुंबई लाव्हा होऊन वाहत असते. एकदा आम्ही दोघं लिफ्टमध्ये अडकलो. मी घामाघूम होऊन घंटा बडवतोय, आणि हे शांतपणे सांगतायत की समुद्र इथून एकदा कसा मागे हटला आणि पुन्हा कसा आत आला. “समुद्राला मोकळीक होती हो मामा!” मी ओरडलो. त्यावर त्यांनी मला भरतीची कारणं समजावली.

दिसेल त्याचं वय काढायचं, हा त्यांचा छंद. लालबागच्या बाजारात माशाच्या खवल्यावरची वलयं बघत उभे राहिले तेव्हा कोळीण म्हणाली, “काय रं मामा, माशाचं लगीन लावाचं हाय काय?” शेजारचे एक गृहस्थ दगडी मूर्ती घेऊन आले, कार्बन डेटिंग करून द्या म्हणाले. मामा भडकले. “दगडात कार्बन कुठून आणू? कधीकाळी जिवंत होतं असं काहीतरी आणा!” शेजाऱ्यांनी सोसायटीच्या सेक्रेटरीचं नाव सुचवलं. मेच्या उकाड्यात मीही एकदा अक्कल पाजळली, “हवामान तर पूर्वीपासून बदलतच आलंय ना? तुम्हीच सांगता.” मामा चष्मा काढून म्हणाले, “जावईबापू, माणसंही पूर्वीपासून मरतच आलीत. म्हणून उद्या कुणी तुमचा गळा दाबला तर पोलिसांना बोलवायचं नाही का?” मी उठून पंखा वाढवला.

आणि जगाची वयं काढणाऱ्या या माणसाची स्वतःची जन्मतारीख साफ खोटी! त्यांच्या चाळीत मुलाची तारीख विचारली की गिरणीतला बाप मास्तरांकडे बघायचा, आणि मास्तर ‘एक जून’ लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये उघडायची, वय बरोबर बसायचं, काम झालं. मामांच्या वर्गातली निम्मी पोरं एक जूनची.

भाचरांनी त्यांच्या पंचाहत्तरीसाठी एक जूनला हॉल घेतला, तेव्हा मामा उसळले. “पंचाहत्तरी कुणाची? मास्तरांच्या शाईची?”

“मामा, केटररला सांगून झालंय!”

“मग जेवा. मी येणार नाही. पुरावा नाही, वाढदिवस नाही.”

“लग्नाच्या वेळी नाही कुठला पुरावा मागितलात,” मामी आतून म्हणाल्या.

पुरावा एकच उरला होता. शीवला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या आक्का, म्हणजे माझ्या सासूबाई. पण आक्कांची स्मरणशक्ती ओसरत चाललेली. मला तर त्या प्लंबर समजायच्या आणि नळ दाखवायच्या. मामा रोज दुपारी जाऊन बसायचे. “आक्का, मी झालो तेव्हा ऊन होतं की पाऊस गं?” आक्का विचारायच्या, “जेवलास का?” उगाच म्हातारीला छळू नका, असं सगळे म्हणाले. मामा कुणाला बधले नाहीत. एकदा जिन्यात मला म्हणाले, “आक्का विसरली, की माझा जन्म पाहिलेलं कुणी उरत नाही. मग मी खरंच एक जूनचा होईन रे.”

हॉलचा दिवस उजाडला. भाचरं तिकडे पुऱ्या खात होती, आणि मामा हट्टानं शीवला. मी त्यांना आणायला गेलो होतो. आक्कांनी कवळी काढून ठेवली होती, चहात बिस्किट बुडवत होत्या. पुढच्या हिरडीवर जीभ फिरवता फिरवता एकदम हसल्या. “बारक्या, तू झालास ना, त्या दिवशी माझा पुढचा दात पडला. मी रडतेय, तर दाई म्हणाली, रडू नकोस, दात गेला, भाऊ आला. आणि थंडी काय ती! आईनं मला गोधडीत तुझ्याशेजारी झोपवलं.”

मामा ताडकन उठले. “थंडी! बघा, जून नव्हेच! आणि दुधाचा दात, म्हणजे आक्का सहा-सात वर्षांची. आक्काच्या जन्मतारखेत तेवढी मिळवा…”

“आक्कांची जन्मतारीख एक जून आहे, मामा,” मी म्हणालो.

मला वाटलं, आता हे खचणार. मामा खो खो हसले आणि आक्कांचा हात धरून खाली बसले. “मग राहू दे. ती आधी, मी नंतर. एवढं पक्कं आहे, बस्स.”

पुढच्या थंडीत शीवला केक कापला. आक्कांनी नळ दुरुस्त केल्याबद्दल मलाही एक तुकडा दिला.

परवा बँकेत काउंटरवरच्या मुलीनं मामांना जन्मतारीख विचारली. मामा ताठ उभे राहून म्हणाले, “कागदावर आहे ती खोटी आहे. मी थंडीतला.”

“सर, काही प्रूफ आहे का?”

मामांनी चष्मा काढला. “होतं,” ते म्हणाले. “शीवला राहायचं. परवाच गेलं.”

आक्कांना जाऊन वर्ष होत आलं होतं. पण मामांचा ‘परवा’ मोठा असतो.