साडूंचे हात आणि शिसवाचा भुसा

माझ्या थोरल्या साडूंइतका हौशी, हट्टी आणि सदानकदा कुठे ना कुठे खाजवत असलेला माणूस सातारा-सांगलीकडे दुसरा नसेल. पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मलकापूरला घरी आले. त्यांच्या बरोबरच्या फौजींपैकी कुणी ऊस लावला, कुणी बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभा राहिला. साडूंनी घरामागच्या पडवीत चाकू करायला घेतले. पातं ट्रकच्या मोडक्या स्प्रिंगच्या पाट्याचं, मूठ शिसवाची नाही तर म्हशीच्या शिंगाची. प्लास्टिकचं नाव काढलेलं त्यांना खपायचं नाही. "मूठ हातात जित्ती वाटाय पायजे," असं म्हणायचे. नात्यात काहीही निघालं तरी आहेर चाकूचाच. बारशाला मिळालेला निदान बाळाच्या उशाशी ठेवता यायचा, पण साखरपुड्यात नवऱ्या मुलाने तो कुठे खोचावा हे कुणालाच उमगत नसे.

पुढे त्यांच्या हातांवर पुरळ उठलं. मग मनगटं लाल झाली आणि एका सकाळी पापण्या इतक्या सुजल्या, की मला त्यांनी आवाजावरून ओळखलं. सासूबाईंनी वांगं बंद केलं. मेव्हण्याच्या मते ही उसाच्या पाल्याची टोचरी कूस होती, पण साडू वर्षभरात उसात शिरलेच नव्हते. शेजाऱ्याने बिब्बा उतल्याचं सांगितलं. कराडच्या डॉक्टरांनी मात्र नीट विचारपूस केली आणि मुठी घासताना उडणाऱ्या भुशाचा संशय धरला. लाकूड बाधतं की शिंग, हे एकेक बंद ठेवून बघा म्हणाले.

एवढी वर्षं हुकूम पाळलेल्या माणसाला हे सहज जमायला हवं होतं. साडूंनी शिसव बंद केलं, शिंग चालू ठेवलं. पुरळ निम्मं ओसरलं. त्या आनंदात त्यांनी अर्धी राहिलेली शिसवाची मूठ पुरी केली, आणि त्याच दुपारी भरलं वांगं खाल्लं. रात्री अंग पेटलं. आता हे लाकडाने, शिंगाने की वांग्याने, यावर घरात तीन तट पडले. मी समजावायला गेलो आणि कोणत्या तटात आहे हेच विसरलो. डॉक्टरांनी सगळं दोनदा ऐकून घेतलं, कपाळावर हात फिरवला आणि चाकूच बंद करा म्हणाले.

साडूंनी बंद केले. कातडी निवळली, पण माणूस कोमेजला. दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या एसट्या बघायचे आणि जेवताना बोलायचे नाहीत. शेवटी आक्काच, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "आवं, खाजलं तर खाजलं. पर तुमी असं बसू नगा." साडू पुन्हा पडवीत गेले. भर मे महिन्यात अंगात पलटणीचा रेनकोट आणि नाका-तोंडावर ओलं फडकं. घामाने निथळायचे, पण पुरळ फारसं उठेना. सगळ्यांना वाटलं, सुटलो.

एकदा मी गेलो असताना आक्का चहा द्यायला वाकली आणि पदर सरकला. मानेपासून कोपरापर्यंत तेच लाल पुरळ. साडूंचे भुशाने भरलेले कपडे ती झटकून धूत होती. मी काही विचारणार, तर तिने डोळ्यांनी गप्प केलं. पण साडूंनी पाहिलं होतं.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"झालं थोडं दिस."

"आन बोलली न्हाईस?"

"बोलली असती तर परत ओट्यावर बसला असता."

साडूंनी कप तसाच खाली ठेवला. पडवीत गेले, कानशी पुसल्या, फौजी ट्रंकेत भरल्या आणि कुलूप लावलं. आक्का आडवी आली, नको म्हणाली, शेवटी रागावलीसुद्धा. त्यांनी ऐकलं नाही.

आक्काची मान बरी झाली. साडूंचे हात मात्र, काहीच करत नसताना, पुढे बरेच दिवस मधूनमधून खाजत राहिले. त्याचा अर्थ डॉक्टरांनाही लागला नाही.

गेल्या खेपेला ओट्यावर बसलो असताना मी न राहवून विचारलं, "दाजी, शेवटी बाधत काय होतं? लाकूड का शिंग?"

त्यांनी आपले तळवे उलटसुलट करून पाहिले. तळवे आता नितळ, मऊ झाले होते. "ठावं न्हाई, पावणं. आन आता कळून घ्यायचं म्हंजी परत हिच्या अंगावर उठलेलं बघायचं."

आतून आक्काचा आवाज आला, "बघा की. मी कुठं नगं म्हनलं?"

साडूंनी तोंड रस्त्याकडे केलं. एसटी आली, थांबली आणि फलटणकडे निघून गेली.