कळव्याचा नारळ अंदमान पाहून येतो

दुपारची वेळ, पडवीचा पत्रा आणि ‘धप्प!’ हा आवाज माझ्या कानात गेली साठेक वर्षं मुक्कामाला आहे. कळव्याच्या आमच्या बैठ्या घरामागे एकच माड होता आणि नारळ टाकायचा तर नेमका पत्र्यावर. आवाज झाला की झोपलेल्यानेही डोळे न उघडता ‘माझा!’ म्हणून ओरडायचं. जो पहिला ओरडेल, आतलं पाणी त्याचं. एवढा साधा कायदा. थोरला भाऊ अण्णा या कायद्यातला वस्ताद. मी दप्तर उशाला घेऊन शाळेच्या पुस्तकातल्या समुद्राच्या, गलबतांच्या कविता चालीवर म्हणत पडलेला असायचो. दुसऱ्या ओळीच्या यमकापर्यंत पोचतोय तोवर अण्णाने पेला रिकामा केलेला असायचा.

गेल्या गणपतीनंतर ते घर नव्या इमारतीसाठी पाडायला घेतलं आणि माडही तोडला. शेवटचा नारळ खाली आला तेव्हा पत्रा आधीच निघाला होता. नारळ चिखलात पडला, आवाज झालाच नाही, म्हणून कोणी ओरडलंही नाही. मी तो उचलून पिशवीत टाकला आणि डोंबिवलीला घरी घेऊन आलो. संध्याकाळी अण्णाचा फोन आला.

“ओरडला होतास?”

“नाही.”

“मग?”

आणि फोन ठेवला. तो अठ्ठ्याहत्तरचा, मी त्र्याहत्तरचा, आणि त्यानंतर पाच महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

नारळ गॅलरीत होता. फोडवेना. सोसायटीच्या आवारात लावतो म्हटलं तर सेक्रेटरी म्हणाले, “काका, खाली गाड्या उभ्या असतात. नारळ पडला तर?” मी म्हटलं, “अहो, नारळ धरायला सात वर्षं लागतील.” ते म्हणाले, “गाड्या तेव्हाही असतील.” बायको म्हणाली, “भावोजींना नेऊन द्या की सरळ.” मी म्हटलं, “त्याने आधी फोन करावा.” “मग हिंडा नारळ घेऊन गावभर,” ती म्हणाली.

गावभर कशाला? समोरच्या ब्लॉकमधला कांबळे अंदमानला निघालाच होता आणि त्याला जोडीदार हवा होता. कवितांमधून मी ज्या बेटावर शेकडो वेळा गेलो होतो, ते असंच असणार. नारळाला तिथेच जागा द्यायची, असं मी ठरवलं. बायकोला विचारलं, येतेस का. म्हणाली, “आठवडाभर घरात कविता नाही, हीच माझी सहल.”

जाणार असाल तर पहाटेचं विमान घ्या, म्हणजे पहिला दिवस हाताशी राहतो. आमची टॅक्सी चारच्या सुमाराला माजिवड्यावरून गेली. अण्णा सध्या तिथेच भाड्याने राहतो. तिसऱ्या मजल्यावर दिवा होता. मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ. “थांबवू का?” कांबळेने विचारलं. मी ‘नको’ म्हटलं आणि पुढचा सिग्नल मला विनाकारण लांबल्यासारखा वाटला.

विमानतळावर बॅग उघडायला लावली.

“ये क्या है?”

“नारळ.”

“कहाँ जा रहे हो?”

“अंदमान.”

त्या जवानाने शेजारच्याला बोलावलं, शेजारच्याने साहेबाला. वाळलेलं खोबरं चालत नाही म्हणे. मी नारळ त्यांच्या कानाशी नेऊन हलवला. आत पाणी डुचमळलं. साहेबांनी स्वतः पुन्हा हलवून ऐकलं, डोळे मिटून. “जाने दो,” ते म्हणाले, “बुजुर्ग हैं.” हे नारळाला उद्देशून होतं की मला, ते कळलं नाही.

पोर्ट ब्लेअरला उतरलात की दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, उजाडतं पाचला आणि साडेपाच-सहाला मावळतं, त्यामुळे आपलं जेवणाचं गणित कोलमडतं. दोन, बोटीची तिकिटं घरूनच काढा आणि ओळखपत्र खिशात ठेवा. कांबळे खोपट डेपोतून निवृत्त झालेला एसटीचा ड्रायव्हर. रॉस बेटाकडे जाणाऱ्या छोट्या बोटीत तो चालकाच्या मागे उभा राहिला आणि पंधरा मिनिटं मान हलवत होता. “क्लच दाबत नाही हा,” उतरताना तो मला म्हणाला. बोटीला क्लच असतो की नाही यावर आम्ही जेवणापर्यंत बोललो.

रॉस बेटावर पडक्या इमारतींना वडाच्या मुळांनी विळखा घातलाय. मधून मोर फिरतात आणि ठिपक्यांची हरणं माणसांना अजिबात घाबरत नाहीत. एका मोठ्या हरणाने माझी पिशवी हुंगली, तोंड आत घातलं आणि नारळ चाटायला सुरुवात केली. मी त्याला पाचवीच्या पुस्तकातली हरणाची कविता पूर्ण चालीवर म्हणून दाखवली. पहिलं कडवं त्याने ऐकून घेतलं. दुसऱ्याला ते पाठ फिरवून उभं राहिलं, पण चाटणं सुरूच, मान वळवून. कांबळेने फोटो काढला आणि स्टेटसला टाकला. अण्णा वीस वर्षं कांबळेच्या गाडीने कामावर जायचा, त्यामुळे दोघांकडे एकमेकांचे नंबर आहेत.

एका कोपऱ्यात मी खड्डा करायला वाकलो, तोच पहारेकऱ्याने शिट्टी मारली. बाहेरचं झाड इथे लावायला मनाई. “साब, यहाँ नारियल की कमी है क्या?” त्याने हाताने आजूबाजूला दाखवलं. खरंच, शंभरेक माड उभे होते आणि सगळे माझ्याकडे बघतायत असं वाटलं. शेवटी आम्ही तिथल्याच एका बाईकडून दोन शहाळी विकत घेऊन प्यायलो, नारळ मांडीवर ठेवून.

रात्री जेवताना कांबळे मोबाईल बघत म्हणाला, “अण्णांनी बघितलंय.”

“काय म्हणाला?”

“काय नाय. नुसतं बघितलंय.”

तिसऱ्या दिवशी हॅवलॉकला गेलो. मोठी बोट, दोन-अडीच तास. पोट नाजूक असेल तर निघण्याआधी हलकंच खा. तिथल्या राधानगर किनाऱ्याबद्दल काय सांगू? वाळू रव्यासारखी, पाणी काचेसारखं. मी ठरवलं, लावता येत नाही तर आपल्याकडे नारळी पौर्णिमेला देतात तसा समुद्राला देऊन टाकू. गुडघाभर पाण्यात गेलो, हात जोडले, नारळ सोडला. लाटेने तो परत आणून पायाशी ठेवला. पुन्हा सोडला, पुन्हा परत. तिसऱ्यांदा लांब फेकला, तर एक तांबूस कुत्रा पोहत गेला आणि पुढच्या दोन्ही पायांनी ढकलत, नाकाने लोटत घेऊन आला. किनाऱ्यावरच्या एका नवविवाहित जोडप्याने टाळ्या वाजवल्या. “अंकल, एक और बार!”

शेवटी संध्याकाळी कोणी बघत नाही असं पाहून मी तो एका मोठ्या झाडाच्या मुळाशी वाळूत पुरला. वर चार पानं टाकली. परत येताना पिशवी इतकी हलकी होती की मला तोल सांभाळता येईना. कांबळेने त्या दिवशी नुसत्या समुद्राचा फोटो टाकला. नेटवर्क फक्त हॉटेलच्या काउंटरपाशी मिळतं, म्हणून आम्ही तिथेच माशाचं ताट मागवून बसलो होतो. मी पहिला घास घेतला आणि कांबळेने मोबाईल माझ्यासमोर धरला. अण्णाचा मेसेज होता. एकच शब्द.

‘नारळ?’

पाच महिन्यांतला त्याचा पहिला शब्द.

“काय कळवू?” कांबळे म्हणाला.

“शोधतोय म्हण.”

“तुम्ही पुरलाय तो. शोधतोय काय?”

“तू कळव रे!”

पाच वाजता उजाडल्याबरोबर आम्ही रिक्षाने किनाऱ्यावर. मोठी झाडं बघितली तर पंचवीस-तीस आणि सगळ्यांच्या मुळाशी पानं. सातव्या झाडाखाली खड्डा सापडला, रिकामा. आत पाठीवर शंख घेऊन फिरणारे दहा-बारा खेकडे भाडेकरूंसारखे स्थिरस्थावर झालेले. अण्णाला आता काय सांगायचं? विचारल्याशिवाय घेतला, आणि हरवलाही?

“ओ काका,” कांबळेने हाक मारली, “तुमचा कंडक्टर इथे बसलाय.”

ओंडक्याच्या आडोशाला कालचा तांबूस कुत्रा नारळ पोटाखाली घेऊन कोंबडी अंड्यावर बसते तसा बसला होता. जवळ गेलो की गुरगुरायचा. मी चुचकारलं, कविता म्हटली, तो आणखीच गुरगुरला. मग बायकोने दिलेल्या शंकरपाळ्यांचा डबा उघडला. सातव्या शंकरपाळ्याला तो अर्धा उठला. दहाव्याला मी झडप घातली आणि नारळ छातीशी धरून वाळूत बसलो. कानाशी नेऊन हलवला. पाणी डुचमळलं.

कांबळेने तोच फोटो टाकला: मी, नारळ, वाळू, आणि डब्यात तोंड घातलेला कुत्रा. अण्णाने बघितला. लिहिलं काहीच नाही. पुढचे तीन दिवस मी चिडिया टापूचा सूर्यास्त पाहिला, खारफुटीतून होडीने गेलो, मगरींपासून सावध राहण्याच्या पाट्या वाचल्या, आणि दर तासाला कांबळेला विचारलं. “नाय ओ,” तो म्हणायचा, “आला तर सांगेन की.”

काल दुपारी डोंबिवलीत परतलो. बायकोने रिकामा डबा पाहून विचारलं, “आवडले?” मी म्हटलं, “फार.” ती दूध आणायला खाली गेली, दार नुसतं लोटून.

काय उरलं या सहलीतून, असा हिशेब मांडत मी टेबलाशी बसलो होतो. हरणाची खरबरीत जीभ. पाचला उगवणारा सूर्य. आणि कविता म्हणून ज्याच्याकडे आयुष्यभर बघितलं, तो समुद्र दोन वेळा ‘घरी घेऊन जा’ म्हणाला, ते. ज्या बेटावर हा नारळ लावायचा ते मला सापडलं नाही, एवढं खरं. माजिवड्याला जाऊन यावं, असं मनाशी म्हणतच मी पिशवी टेबलावरून ओढली. ती आडवी झाली, नारळ घरंगळला आणि फरशीवर पडला.

धप्प!

माझं तोंड उघडलंच नव्हतं, तेवढ्यात दाराकडून आवाज आला, “माझा!”

दारात अण्णा उभा होता. तीन जिने चढून धापा टाकत, एका हाताने चौकट धरून. दुसऱ्या हातात घरून आणलेला रिकामा पेला होता.